आत सोडू का, साहेब?

परवानगी मागणं हे सभ्यपणाचं लक्षण आहे, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं. मात्र ती किती वेळा मागावी, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. समजा, तुमच्याकडे एक पाहुणा आला. ‘बसू का?’ म्हणाला. तुम्ही म्हणालात, ‘बसा ना.’ ‘पंखा लावू का?’ ‘लावा.’ ‘पाणी पिऊ का?’ ‘प्या.’ ‘पेपर उघडू का? पान उलटू का? दुसरं उलटू का?’ सहाव्या प्रश्नाला कितीही आतिथ्यशील माणूस हात जोडून म्हणेल, ‘अहो, घर तुमचंच आहे, काय हवं ते करा, पण विचारू नका!’ आणि वाचकहो, पाहुणा जर चोर असेल तर त्याला नेमकं हेच वाक्य हवं असतं.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये असा एक पाहुणा मुक्कामाला होता. फरक एवढाच, की तो स्वतःला पाहुणा न म्हणता पहारेकरी म्हणवून घेत असे. त्याचं नाव फायरवॉल. हा मूळचा बांधकामातला शब्द. एका घराची आग शेजारच्या घराला लागू नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. विरारला आम्ही राहतो त्या सोसायटीत दोन ब्लॉकांमधली भिंत अशी आहे की शेजारच्या फोडणीनं आम्हाला ठसका लागतो. त्यामुळे मूळ अर्थाची फायरवॉल आमच्या पाहण्यात नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत आग म्हणजे इंटरनेटवरून येणारी ब्याद, आणि भिंत म्हणजे ती अडवणारी व्यवस्था. आता भिंतीचा मोठा गुण म्हणजे ती बोलत नाही. तिला कान असतात म्हणतात, पण तोंड असल्याचं अजून कुणी म्हटलेलं नाही. आमच्या भिंतीला तोंड होतं.

मुळात हा कॉम्प्युटर घरी आला तो चिरंजीवांच्या अभ्यासासाठी. त्यामुळे चिरंजीव त्याच्यावर खेळ खेळतात. आमची ही त्याच्यावर पंजाबी, चायनीज आणि इटालियन पाककृती बघते आणि रात्री मुगाची खिचडी करते. मी स्वतः त्याच्याकडे फारसा फिरकत नाही. दिवसभर बँकेत त्याचंच तोंड बघितल्यावर घरी येऊन पुन्हा तेच बघणं म्हणजे हलवायानं सुट्टीच्या दिवशी हौसेनं जिलब्या तळण्यापैकी आहे.

उरले अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७४. रेल्वेत गार्ड होते. हल्ली म्हणजे २०२२ पासून रेल्वेत गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण अण्णांना ते पसंत नाही. ‘मॅनेजर पुष्कळ असतात, गार्ड एकच,’ असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी दहा वाजता, आंघोळ-पूजा आटोपून, शर्टाचं वरचं बटण लावून ते कॉम्प्युटरसमोर ड्यूटीवर बसतात. पेन्शन जमा झाली का बघायची, विजेचं बिल भरायचं आणि मग जगभरच्या आगगाड्यांचे व्हिडिओ पाहायचे, असा कार्यक्रम. स्वित्झर्लंडची एखादी गाडी सेकंदाबरहुकूम सुटली, की आपल्या हाताखाली तयार झालेला माणूस नाव काढतोय अशा समाधानानं ते मान हलवतात.

आणि नेमका याच वेळी पहारेकऱ्याला कंठ फुटे. ‘टिंग’ असा आवाज होई आणि कोपऱ्यात पाटी झळके: ‘एसव्हीसीहोस्ट’ला बाहेर जायचं आहे. जाऊ देऊ? होय की नाही? एस. व्ही. सी. होस्ट हे नाव ऐकून मला कुणी तरी निवृत्त न्यायाधीश डोळ्यांसमोर येत. प्रत्यक्षात तो विंडोजच्या पोटातला एक कष्टाळू शिपाई. अनेक अंतर्गत कामं त्याच्याच नावावर चालतात. तो गेला की ‘स्पूलर’ येई. याला छपाईच्या यंत्राला भेटायचं असे. छपाईचं यंत्र दोन फुटांवर, त्याच टेबलावर. पण पाटी अशी, जणू हा गृहस्थ सीमा ओलांडून चालला आहे.

एकदा तर कहर झाला. कुणा प्रोग्रॅमला म्हणे १२७.०.०.१ या पत्त्याशी संपर्क साधायचा होता. हा पत्ता म्हणजे खुद्द तो कॉम्प्युटरच! जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरनं स्वतःला ‘मी’ म्हणायचं ते याच आकड्यांत. म्हणजे आमचा कॉम्प्युटर स्वतःशीच बोलायची परवानगी मागत होता. आमच्या घरात स्वतःशी बोलायला कुणाची मनाई नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या गृहस्थाला दुसरं बोलायला उरतंच कोण?

एवढी बडबड का, याचं कारण असं, की घरात पहारेकरी एक नव्हता, दोन होते. एक विंडोजबरोबर येणारा. तो तसा समंजस. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सहसा हटकत नाही. बाहेरून येणाऱ्याला दार बंद. फक्त आतल्या एखाद्या प्रोग्रॅमला बाहेरच्यांसाठी दार उघडून बसायचं असेल, तर पहिल्या वेळी तो मालकाला विचारतो, मिळालेलं उत्तर वहीत टिपून ठेवतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. पण दुकानदारानं कॉम्प्युटर देताना ‘साथ में फ्री’ म्हणून एक जादा पहारेकरी आत घालून दिला होता. हा जाणाऱ्यालाही विचारी, येणाऱ्यालाही विचारी आणि बसलेल्याला ‘का बसलास?’ म्हणून विचारी. फुकट मिळालेल्या माणसाला आपण काम करतो हे सारखं दाखवावं लागतं, त्यातलाच प्रकार.

खरी फायरवॉल कशी चालते हे समजून घ्यायला पुस्तकं नकोत. संध्याकाळी विरार फास्टच्या दारात उभं राहावं. इंटरनेटवरून जे काही येतं ते छोट्या छोट्या पुडक्यांतून येतं. प्रत्येक पुडक्यावर कुठून आलं, कुठे जायचं, कोणत्या दारानं, हे लिहिलेलं असतं. फायरवॉल ते वाचते, आपल्या नियमांशी ताडून बघते आणि सोडते किंवा अडवते. आमच्या विरार फास्टच्या दारातली मंडळी वेगळं काय करतात?

‘किधर उतरेगा?’

‘बोरिवली.’

‘पीछे बोरिवली लोकल आ रहा है.’

संपलं! नियम एक, निर्णय क्षणात, अपील नाही. आणि मुख्य म्हणजे, दारातला गडी दर प्रवाशामागे आत डोकं घालून खिडकीशी पेंगणाऱ्याला ‘साहेब, याला सोडू का?’ असं विचारत नाही. म्हणूनच तो विश्वासानं पेंगू शकतो. सगळ्या पहाऱ्यांचं अंतिम ध्येय हेच असायला हवं, की आतल्या माणसाला पेंगता यावं.

या पहारेकऱ्याचा पूर्वेतिहासही ऐकण्यासारखा आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्यात फायरवॉल घातली होती. पण ती बंद ठेवून. म्हणजे वॉचमन नेमला, गणवेश दिला आणि ‘आम्ही उठवू तेव्हाच ऊठ’ असं सांगून झोपवला. मग ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभर पसरला. त्याला आत यायला कुणी काही दाबावं, उघडावं लागत नसे. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला आणि दार मोकळं, एवढं पुरे. दारही ठरलेलं, १३५ क्रमांकाचं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद पडून पुन्हा उठे. वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीची दुसरी मोठी दुरुस्ती निघाली आणि झोपलेल्या वॉचमनला उठवून दारात उभं करण्यात आलं.

पण दचकून उठलेला वॉचमन झोपलेल्याइतकाच तापदायक असतो. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये आणखी एक रखवालदार होता. तो जरा काही करायला गेलं की सगळा पडदा काळवंडून ‘नक्की ना?’ असं विचारी. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्यानं जाहीर परिषदेत सांगून टाकलं, की ही व्यवस्था लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणली. लोक वैतागले की प्रोग्रॅम लिहिणारे सुधारतील. कचेऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या साधत आलेली गोष्ट कुणी तरी प्रथमच तोंडानं कबूल केली! पुढे २००९ च्या विंडोज सेव्हनमध्ये ‘किती वेळा विचारू?’ हे ठरवायची एक सरकपट्टी दिली गेली. माणसांना अजून ती बसवलेली नाही.

आम्ही वसई-विरारकडची माणसं. दारं आणि भिंती यांचा इतिहास आमच्या अंगणात पडलेला आहे. कॉम्प्युटरच्या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून ६५,५३५ पर्यंत असतात. वसईच्या किल्ल्याला मुख्य दरवाजे दोन; एक जमिनीकडे, एक बंदराकडे. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई मिळवली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग लावून ती घेतली. दोन दरवाजे सांभाळायला दर्या, तोफा आणि बुरूज असूनही ही गत, तर साठ हजारांवर दारं एकट्या अण्णांच्या जिवावर सोडणं कितपत शहाणपणाचं?

त्या विजयानंतर वसईकडच्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली नाशिकच्या नारोशंकर मंदिराची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. गोदावरीचा पूर या घंटेपर्यंत पोचला की ती वाजते, असं नाशिककर सांगत आले आहेत. शिवाय पुराची मोजदाद करायला त्यांच्याकडे दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून काय आवरायचं आणि कधी पळायचं ते गावाला कळतं. गोदावरी रोज वाहते. मारुती रोज ओरडत नाही. दोन तोंडं असून गप्प राहतो! म्हणून तर त्याच्या गळ्याशी पाणी आलं की सगळं नाशिक जागं होतं.

याउलट रोज ओरडणाऱ्याचं काय होतं, ते लांडगा आला रे आला या गोष्टीत आहेच. पण आजकाल गोष्टीवर कुणाचा विश्वास नाही, मेंदूचा फोटो लागतो. तोही काढून झाला आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धोक्याची पाटी बघताना माणसाच्या मेंदूत काय चालतं ते यंत्रानं टिपलं. तीच पाटी दुसऱ्यांदा दिसली, तेव्हाच मेंदूनं तिची दखल घेणं पुष्कळ कमी केलं होतं. दुसऱ्यांदाच! अण्णांना ती दिवसातून दहा-बारा वेळा दिसत होती.

सुरुवातीला अण्णा प्रत्येक पाटी चष्मा पुसून वाचत. एकदा त्यांनी ‘नाही’ म्हटलं, तर छपाई थांबली. पुन्हा एकदा ‘नाही’ म्हटलं, तर स्वित्झर्लंडची गाडी बोगद्यातच अडकली. ‘होय’ म्हटलं की सगळं सुरळीत. मग ते पाटी न वाचताच ‘होय’ दाबू लागले. पाटी वाचायचीच नसेल तर चष्म्याची तरी काय गरज, म्हणून चष्माही न लावता दाबू लागले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी बँकेत, चिरंजीव शाळेत, ही भाजी आणायला गेलेली. अण्णांच्या पडद्यावर एकाएकी लाल रंग भरला. भोंगा वाजू लागला. त्यावर ढालीचं चित्र, ओळखीची नावं आणि मजकूर असा: तुमच्या फायरवॉलनं गंभीर धोका पकडला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, खाली दिलेल्या नंबरवर ताबडतोब फोन करा.

हा पहारेकरी नव्हता. पहारेकऱ्याचा गणवेश चढवून आलेला चोर होता. कुठल्याशा जाहिरातीमागून उघडलेलं ते एक साधं वेब पान होतं. पण अण्णांना ते कुठून कळणार? ज्या माणसानं उभा जन्म सिग्नल पाळला, त्याच्या लेखी लाल म्हणजे लाल. रेल्वेत लाल दिवा कुणी गंमत म्हणून दाखवत नाही. अण्णांनी गाडी थांबवावी तशा तत्परतेनं फोन लावला.

पलीकडचा आवाज मोठा मार्दवाचा होता. दर वाक्याला ‘सर’. तीन वाक्यांत अण्णांचं वय, तब्येत आणि रेल्वेची नोकरी यांची चौकशी झाली. मग त्यानं एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितला, म्हणजे ‘सरांचा’ पडदा त्याला तिकडून दिसेल. आणि गंमत बघा, या क्षणी आमचा खरा पहारेकरी जागा झाला. त्यानं इमानेइतबारे पाटी लावली: एका अनोळखी प्रोग्रॅमला बाहेर संपर्क साधायचा आहे. जाऊ देऊ? त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न. अण्णांनी सवयीनं ‘होय’ दाबलं.

‘आता बँकेचं पान उघडा, सर,’ आवाज म्हणाला.

आणि वीज गेली.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, यावर आजवर मी पुष्कळ बोललो आहे. ते सगळे शब्द मी मागे घेतले असं नाही, पण त्या दिवसापासून जरा खालच्या पट्टीत बोलतो. कॉम्प्युटर बंद पडला. फोन मात्र सुरूच. ‘लाइट येईपर्यंत मी थांबतो, सर. तोवर तुमचं कार्ड जवळ घेऊन बसा.’ अण्णा अंधारात कार्ड शोधत असताना ही परत आली. हिनं भाजीची पिशवी खाली ठेवली, अण्णांच्या हातातला फोन घेतला आणि आपल्या खास हिंदीत सुरुवात केली.

‘कौन बोलता है? किधर से? अण्णा को कैसे पहचानता है तुम? आफिस किधर है? लँडलाइन नंबर बोलो. साहेब का नाव क्या है? और तुम्हारा गाव कौन सा?’

एका दमात सात प्रश्न. त्या माणसानं दिल्ली सांगितलं. ‘दिल्ली में किधर?’ हा आठवा. फोन कट झाला. घरात दोन-दोन फायरवॉल बसवल्या होत्या. चालली ती तिसरी.

संध्याकाळी मी आल्यावर आधी तो नवा प्रोग्रॅम काढून टाकला, बँकेला कळवलं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले. पैसा जागच्या जागी होता. पैसे गेले असते तर पहिला फोन लावायचा तो १९३० या सरकारी नंबरवर, तोही तासाभरात. कारण चोरांचा पैसा या खात्यातून त्या खात्यात मेल गाडीच्या वेगानं पळतो आणि तो वाटेत अडवता आला तरच अडतो. हे मला पाठ आहे, कारण तासाभरात न आलेली माणसं मी काउंटरपलीकडून पाहिली आहेत. ती ओरडत नाहीत. पासबुक पुढे करतात आणि ‘जरा बघता का?’ म्हणतात. आपण काय बघायचं असतं? आकडा तर त्यांनाही दिसलेला असतो.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. ‘भूक नाही’ म्हणाले. रेल्वेच्या डब्यातलं गार डबल-ड्यूटीचं जेवणही न सोडलेला माणूस! रात्री अकराला गॅलरीत एकटेच बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले,

‘पैसे गेले नाहीत हे खरं. पण मी गार्ड होतो रे. माझ्या भरवशावर अख्खी गाडी असायची. मी दोन टोले दिल्याशिवाय मोटरमन हलायचा नाही. आणि मी त्या माणसाला हो म्हटलं.’

‘अण्णा, पाटी नीट वाचली असतीत तर...’

‘कुठली वाचू? दिवसातून दहा वेळा विचारतं ते. दहाही वेळा हो म्हटलं की गप्प बसतं. अकरावा खोटा आहे हे मी कशावरून ओळखायचं? गार्डनं चर्चगेटपासून दर खांबाला लाल बावटा दाखवला असता, तर गाडी विरारला कधी पोचली असती? आणि दहाव्या खांबानंतर मोटरमननं मागं वळून तरी बघितलं असतं का?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बँकेतली पंचवीस वर्षं अण्णांच्याच बाजूनं साक्ष देत होती. आमच्या काउंटरखाली एक बटण असतं. दरोडा पडला तर दाबायचं. ते रोज दहा वेळा वाजलं असतं, तर दरोडेखोर आल्यावर शिपायानं फक्त ‘आज कुणी टेकलं रे त्याला?’ एवढंच विचारलं असतं. आणि प्रश्नांचं म्हणाल, तर दर खातेदाराला आम्ही ‘पैसे कशाला हवेत?’ असं विचारत नाही. विचारलं तर लोक काउंटर ओलांडून येतील. पण एकदा एक निवृत्त शिक्षिका कानाला फोन लावूनच मुदत ठेव मोडायला आल्या होत्या आणि हात थरथरत होता. तेव्हा मी हळूच विचारलं, ‘बाई, कशासाठी?’ त्या एका प्रश्नावर त्या मटकन बाकावर बसल्या, आणि ठेव वाचली. तो प्रश्न लागू पडला, कारण तो कधी नव्हे तो, ओळखीच्या माणसानं, तोंडाकडे बघून विचारला होता.

पुढच्या रविवारी आम्ही बापलेक कॉम्प्युटरसमोर बसलो. दुकानदाराच्या फुकट पहारेकऱ्याला प्रथम निरोप दिला. एका दारात दोन पहारेकरी असले की ते एकमेकांनाच हटकत बसतात. विंडोजचा समंजस पहारेकरी जागा असल्याची खात्री केली. घरचं वायफाय ‘खासगी’ म्हणून नोंदवलं. परवानगीच्या यादीत डोकावलो, तर आजवरच्या ‘होय’च्या कृपेनं कोण कोण आत राहत होतं! लग्नघरातली मंडळी परवडली. अनोळखी सगळे बाहेर काढले. ब्राउझरमध्येही ‘सूचना पाठवू का?’ म्हणून परवानगी घेऊन बसलेली तीस-चाळीस ठिकाणं निघाली. त्यांना टाळं लावलं. निम्मी टिंगटिंग तर त्यांचीच होती.

मग अण्णांनी रेल्वेच्या धर्तीवर तीन नियम स्वतःच्या अक्षरात लिहून पडद्याखाली चिकटवले. एक: पाटीवर फोन नंबर असेल, तर पाटी खोटी. मायक्रोसॉफ्टनंही हेच सांगून ठेवलं आहे, की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. दोन: मी काही करत नसताना आलेल्या पाटीला ‘नाही’. तीन: बँकेच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ नसेल, तर गाडी पुढे काढायची नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्या बँकांना या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. ही पाटी फक्त बँकेलाच लावता येते.

घर शांत झालं. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. टिंग नाही की पाटी नाही. मला वाटलं, अण्णा खूश असतील. पण अण्णा काहीसे हिरमुसलेले. आठव्या दिवशी म्हणाले, ‘काय रे, बंद तर नाही ना पडला तो? कुणी काही विचारतच नाही.’

त्यांच्या आवाजात काय होतं ते माझ्या आधी हिच्या ध्यानात आलं. रात्री मला म्हणाली, ‘अहो, घरात गॅस कधी बदलायचा, पंखा कुठला घ्यायचा, गावाला कधी जायचं, सगळं आपण दोघं ठरवतो. त्यांना कळवतो. दिवसातून दहा वेळा त्यांना परवानगी मागणारं त्या कॉम्प्युटरशिवाय दुसरं होतं कोण?’

दुसऱ्या दिवसापासून हिनं भाजीला जाताना ‘अण्णा, आज काय आणू?’ असं विचारायला सुरुवात केली. अण्णा पडवळ सांगतात. घरात पडवळ कुणालाच आवडत नाही, पण येतं.

परवा चिरंजीवांनी एक नवा खेळ घातला आणि कित्येक आठवड्यांनी विंडोजच्या पहारेकऱ्याची पाटी आली. हा खेळ बाहेरच्यांसाठी दार उघडायचं म्हणत होता. मला वाटलं, चिरंजीव आपणच ‘होय’ दाबून मोकळे होतील. पण त्यांनी हाक मारली, ‘आजोबा, जरा येता का? सोडू का याला?’

अण्णा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. चष्मा पुसला. पाटीवर बोट ठेवून अक्षर न्‌ अक्षर मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, ‘आत कोण कोण येणार?’

‘माझ्या वर्गातले दोघं. आणि बाकी... कुणीही.’

‘कुणीही?’

‘म्हणजे जगातलं कुणीही, आजोबा. तीच तर मजा आहे.’

अण्णांनी शांतपणे ‘नाही’ दाबलं. चिरंजीवांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. गार्डनं लाल बावटा दाखवल्यावर क्लार्कचं काय चालणार?

‘त्या वर्गातल्या दोघांना रविवारी घरी बोलाव,’ अण्णा खुर्चीत परत बसत म्हणाले, ‘त्यांना मी दारातून सोडतो.’